एच.आय.व्ही.चा औषधरोध : चुकलेल्या गोळीचा हिशेब

आपल्या व्यवसायातील ज्येष्ठांना गेल्या शतकाच्या अखेरची ती वर्षे चांगली आठवत असतील. वजन घटलेला, तोंडात बुरशी धरलेला तरुण रुग्ण समोर येई, एलायझाचा अहवाल हाती पडे, आणि त्यापुढे त्याला सांगण्यासारखे आपल्याजवळ फारसे काही नसे. आज तीच व्याधी दिवसाकाठी एका गोळीवर आटोक्यात राहते. ज्यांना आपण दोन वर्षे दिली होती त्यांची मुले आज महाविद्यालयात शिकत आहेत. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात इतक्या अल्पावधीत असे यश क्वचितच लाभले असेल.

या यशाची एक सावली मात्र आपल्या वर्तनावर पडली आहे. आपल्या सभांतून मधुमेहावर, हृदयविकारावर, नव्या तपासण्यांवर व्याख्याने होतात. एच.आय.व्ही.चे नाव १ डिसेंबरला निघते आणि २ डिसेंबरला मिटते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख बाधित व्यक्ती आहेत. त्यांपैकी १७ लाखांच्या घरातील लोक सरकारी केंद्रांतून मोफत औषधे घेतात. संख्येने सर्वाधिक बाधित महाराष्ट्रात आहेत, कर्नाटकही फार मागे नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७ ते २०१२) बेळगाव, कोल्हापूर व सांगली हे आपल्या परिसरातील तिन्ही जिल्हे प्राधान्याच्या यादीत होते. त्या वेळचे रुग्ण कोठे गेले नाहीत. ते आपल्याच दवाखान्यांत सर्दी-खोकल्यासाठी, गुडघेदुखीसाठी, रक्तदाबासाठी येत असतात. फरक इतकाच, की ते आपल्याला ते सांगत नाहीत.

या रुग्णांच्या आयुष्याची दोरी ज्यावर अवलंबून आहे तो विषय म्हणजे औषधरोध. वैद्यकेतर वाचकांसाठी एक खुलासा आरंभीच करतो. ‘औषध अंगाला लागेनासे झाले’ असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो, परंतु अंगाला काहीही झालेले नसते. बदललेला असतो तो विषाणू.

हा बदल कसा होतो हे समजण्यासाठी जुन्या पोथ्यांची नक्कल करणारा लेखनिक डोळ्यांसमोर आणावा. दिवसभर उतरवून घेता घेता त्याच्या हातून एखादा काना राहतो, एखादे अक्षर बदलते. आपल्या पेशी जेव्हा स्वतःच्या डी.एन.ए.ची नक्कल करतात तेव्हा त्यांच्यापाशी मुद्रितशोधकासारखी एक व्यवस्था असते. ती चूक हेरते, खोडते आणि दुरुस्त करते. एच.आय.व्ही.चा लेखनिक म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर. त्याच्याजवळ मुद्रितशोधक नाही. विषाणूची संपूर्ण पोथी सुमारे ९,७०० अक्षरांची आहे, आणि ढोबळ मानाने दर तीन-एक नकलांमागे एक चूक तीत राहून जाते. आता दुसरा आकडा पाहावा. डेव्हिड हो, ॲलन पेरेलसन, जॉर्ज शॉ आदी संशोधकांनी १९९५-९६ मध्ये दाखवून दिले, की उपचार नसलेल्या रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. या दोन आकड्यांचा गुणाकार केला म्हणजे निष्कर्ष आपोआप निघतो. एका अक्षराची जी जी चूक संभवते ती जवळजवळ प्रत्येक चूक त्या शरीरात रोज कोठे ना कोठे घडत असते.

यांतील बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. काही निरुपद्रवी असतात. एखादी अशी असते, की जिच्यामुळे औषधाला विकराला चिकटण्याची जागाच बदलून जाते. औषध सुरू होण्यापूर्वी अशा चुकलेल्या प्रतीला काहीच किंमत नसते, कारण मूळ प्रत तिच्याहून अधिक जोमाने वाढते. औषध सुरू झाले म्हणजे मूळ प्रती मरतात आणि मोकळ्या झालेल्या रानात ही एकटी माजते. चूक औषधाने घडवलेली नसते, ती आधीच तेथे असते. औषध तिची निवड करते. एकाच औषधाने हा रोग का हटत नाही याचे सारे उत्तर येथे आहे.

इतिहासही हेच सांगतो. झिडोव्हुडीन, म्हणजे ‘एझेडटी’, हे द्रव्य मुळात कर्करोगासाठी १९६४ साली बनवले गेले होते व तेथे निरुपयोगी ठरून पडून होते. मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत एच.आय.व्ही.वरील पहिले औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली. १९८९ मध्ये ब्रेंडन लार्डर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की सहा महिने वा अधिक काळ हे औषध घेतलेल्या रुग्णांतील विषाणू त्याला जुमानेनासे झाले आहेत. पुढे आलेल्या लॅमिव्हुडीनची गत त्याहून वाईट. ते एकटे दिले तर काही आठवड्यांतच विकराच्या साखळीतील १८४ व्या स्थानी मेथिओनीनच्या जागी व्हॅलीन येते आणि औषध निष्प्रभ होते. नेव्हिरॅपिन व इफाव्हिरेन्झ यांना १०३ व्या स्थानावरील एक बदल पुरतो. १९९६ च्या व्हँकूव्हर येथील परिषदेत तीन औषधे एकत्र देण्याच्या पद्धतीचे परिणाम जगापुढे आले व मृत्यूचे आलेख खाली वळले. त्यामागील गणित सरळ आहे. एक चूक रोज घडते, दोन चुका एकाच प्रतीत क्वचित येतात, परंतु तिन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरेल अशी प्रत उपचारापूर्वीच तयार असण्याचा संभव नगण्य असतो. तिन्ही औषधे रक्तात पुरेशी असली म्हणजे विषाणूची नक्कल थांबते, आणि जेथे नक्कलच नाही तेथे चूक तरी कोठून व्हावी?

हे गणित कागदावर जितके स्वच्छ आहे तितके आपल्या मातीत उतरले नाही. तीन औषधांचा वर्षाचा खर्च त्या काळी पाश्चात्त्य देशांत १० ते १५ हजार डॉलर होता. आपल्याकडे खासगी व्यवसायात रुग्ण ऐपतीप्रमाणे औषध घेत. एकाचे पैसे असले तर एक, दोनांचे असले तर दोन, आणि शेताचा तुकडा विकून आलेले पैसे संपले की तेही बंद. हे देशभर घडत होते. लिहून देणाऱ्यांना त्याबद्दल सरसकट दोष देणे मला योग्य वाटत नाही. समोर मरणारा माणूस असताना ‘तीन परवडत नसतील तर काहीच घेऊ नका’ असे सांगणे शास्त्रशुद्ध असेलही, पण ते सांगायला जीभ रेटत नाही. तथापि विषाणूला आपल्या नाइलाजाशी कर्तव्य नव्हते. त्या एक-दोन औषधांच्या काळात अनेक शरीरांत रोधाची पहिली पायरी रचली गेली.

फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तिन्ही औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दरात, ‘मेदसां साँ फ्राँतिएर’ या संस्थेस देऊ केली आणि जगभरचा बाजार हलला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने आठ रुग्णालयांतून मोफत उपचार सुरू केले. आरंभीच्या राज्यांत महाराष्ट्र व कर्नाटक ही दोन्ही होती.

येथे थोडे विषयांतर करून एका नावाचा उल्लेख करणे आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या समाजाच्या स्मरणिकेत उचित ठरेल. १९८६ साली भारतातील पहिले एच.आय.व्ही.बाधित रुग्ण चेन्नईत सापडले. त्या शोधामागे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला या होत्या. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. १९९३ मध्ये त्यांनी वाय.आर. गायतोंडे केंद्राची स्थापना केली. २०१५ मध्ये त्या निवर्तल्या व २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. भारतीय रुग्णांतील औषधरोध नेमका कोणत्या स्वरूपाचा आहे याविषयीचे अनेक अभ्यास या केंद्रातून आणि पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतून प्रसिद्ध झाले. आपल्याकडील विषाणू बहुतांशी ‘सी’ या उपप्रकारचा आहे, आणि टेनोफोव्हिरला रोध करणारा ६५ व्या स्थानावरील बदल या उपप्रकारात अधिक सुलभतेने घडतो. म्हणूनच अमेरिकेतील वा युरोपातील अनुभव जसाच्या तसा येथे लावता येत नाही.

मोफत औषधांच्या आरंभीच्या वर्षांत स्टॅव्हुडीन किंवा झिडोव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरॅपिन ही त्रयी वापरात होती. टीबी असल्यास नेव्हिरॅपिनऐवजी इफाव्हिरेन्झ. या त्रयीने लाखो जीव वाचवले. तिच्यात एक खोच मात्र होती, व ती फार थोड्या लोकांच्या ध्यानात येई. नेव्हिरॅपिन व इफाव्हिरेन्झ शरीरातून फार हळू उतरतात. सोबतची दोन औषधे लवकर संपतात. रुग्णाने तिन्ही गोळ्या एकाच दिवशी थांबवल्या तरी त्या एकाच दिवशी थांबत नाहीत. पुढे एक-दोन आठवडे, काहींत त्याहूनही अधिक दिवस, रक्तात एकच औषध शिल्लक राहते. म्हणजे त्रयी सोडणारा रुग्ण नकळत एकट्या औषधावर येतो, आणि एकट्या औषधाचे काय होते ते वर आलेच आहे. रुग्णाने एखादी गोळी विसरण्यापेक्षा महिन्यातून आठ-दहा दिवसांचे सलग खंड पडणे अशा औषधांच्या बाबतीत अधिक घातक ठरे.

खंड कोणाचा पडतो? दसरा-दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागातील कारखान्यांवर उतरतात. उचल आधीच घेतलेली असते. औषध मात्र गावाकडील केंद्रावर नोंदलेले असते. एक-दोन महिन्यांच्या गोळ्या संपल्या, की ‘औषध आणायला जातो’ असे मुकादमाला सांगता येत नाही, कारण कोणते औषध हा पुढचा प्रश्न येतो. मग हंगाम संपेपर्यंत गोळ्या बंद. मालमोटारीवरील चालकाचे तेच, आणि बाळंतपणाला माहेरी गेलेल्या सुनेचेही तेच. हे लोक बेफिकीर असतात असा समज आपल्यात रूढ आहे. मला तो पटत नाही. गोळ्यांच्या बाटलीवरील कागद खरवडून, बाटली पिठाच्या डब्यात दडवून वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्या स्त्रिया आपल्या परिसरात आहेत. मधुमेहाच्या गोळ्या इतक्या निष्ठेने घेणारा रुग्ण मला क्वचितच आढळला आहे.

मातेकडून बाळाला होणारा संसर्ग टाळण्यासाठी नेव्हिरॅपिनची एकच मात्रा देण्याची पद्धत या संदर्भात आठवावी. युगांडातील १९९९ च्या अभ्यासात प्रसूतीच्या वेळी आईला एक गोळी व नंतर बाळाला औषधाची एक मात्रा एवढ्यानेच संसर्ग जवळजवळ निम्मा झाला. गरीब देशांसाठी हे वरदान होते व आपणही ते स्वीकारले. परंतु त्या एका गोळीची शेपूट आईच्या रक्तात रेंगाळे आणि कित्येक मातांत रोधक प्रती वर येत. २००७ मध्ये बोट्स्वानातील अभ्यासातून दिसले, की अशी मात्रा मिळाल्यानंतर सहा महिन्यांच्या आत ज्या स्त्रियांना नेव्हिरॅपिनयुक्त उपचार सुरू झाले त्यांच्यात अपयशाचे प्रमाण बरेच अधिक होते. सहा महिन्यांनंतर सुरू केले असता तो फरक उरत नव्हता. बाळ वाचले आणि आईचे एक औषध खर्ची पडले. आज गरोदरपणी आईला पूर्ण त्रयीच दिली जाते.

सहा महिन्यांनी रोध नाहीसा होतो, असा अर्थ यातून कोणी काढू नये. तो दिसेनासा होतो, आणि या दोहोंत मोठे अंतर आहे. पेशव्यांच्या दप्तरातील कागद रुमालात बांधून फडताळात ठेवलेले असत, आणि शंभर वर्षांनी कोणी रुमाल सोडला तरी अक्षर तेच निघे. एच.आय.व्ही. स्वतःच्या प्रती आपल्या दीर्घायुषी सीडी-फोर पेशींच्या जनुकांत अशाच बांधून ठेवतो. मूळ प्रतही तेथे असते आणि वेळोवेळी झालेल्या चुकलेल्या प्रतीही. औषध थांबले की मूळ प्रत जोमाने वाढते व रोधक प्रत मागे पडते, पण रुमालात ती कायम असते. तेच औषध पुन्हा सुरू करताच ती बाहेर येते. म्हणूनच रोधाची जनुकीय तपासणी रुग्ण औषधावर असतानाच करावी लागते. औषध सोडून दोन महिने झालेल्या रुग्णाचे रक्त पाठवले तर अहवाल निर्मळ येतो आणि आपली फसगत होते. शिवाय रक्तातील विषाणूंची संख्या दर मिलिलिटरला हजाराच्या आसपास वा वर असल्याखेरीज ही तपासणी सहसा नीट होत नाही.

या सर्व प्रकारात एक गंमतही आहे. १८४ व्या स्थानावरील बदलामुळे विषाणू लॅमिव्हुडीनला दाद देत नाही हे खरे, पण त्याच बदलामुळे तो काहीसा पंगू होतो आणि झिडोव्हुडीन व टेनोफोव्हिर यांना अधिक हळवा बनतो. त्यामुळे रोध सिद्ध झाला तरी लॅमिव्हुडीन मुद्दाम चालू ठेवण्याची प्रथा आहे. अहवालात ‘निरुपयोगी’ असा शिक्का बसलेले औषध चिठ्ठीवर पाहून एखादा तरुण सहकारी चक्रावतो. लिहिणाऱ्याचा हेतू त्या विषाणूला पंगूच ठेवण्याचा असतो.

आपल्या देशाला रोधाची खरी किंमत मोजावी लागली ती निदानास झालेल्या विलंबामुळे. उपचार फसत असल्याचे सर्वांत आधी कळते ते रक्तातील विषाणूभारावरून. सीडी-फोर पेशींची संख्या त्यानंतर कित्येक महिन्यांनी घसरते, आणि लक्षणे त्याहूनही उशिरा दिसतात. पण विषाणूभाराची तपासणी महाग होती. त्यामुळे दीर्घ काळ सीडी-फोरच्या आकड्यावरच भागवले गेले. आकडा ठीक दिसे, रुग्ण कामावर जाई, आणि आत विषाणू अर्धवट औषधाच्या सान्निध्यात निवांतपणे एकेक नवा बदल जोडत राही. झिडोव्हुडीन व स्टॅव्हुडीन यांना रोध करणारे बदल तर असेच एकामागून एक साचत जातात. एकाच्या जागी तीन-चार झाले की त्याच गटातील पुढची औषधेही हातची जातात. दुसऱ्या फळीतील औषधे सरकारी कार्यक्रमात जानेवारी २००८ मध्ये प्रथम मुंबईचे जे.जे. रुग्णालय आणि चेन्नईजवळील तांबरम या दोन केंद्रांत आली. सर्वांसाठी नियमित विषाणूभार तपासणी २०१८ मध्ये सुरू झाली. आता उपचार सुरू झाल्यानंतर सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा ती विनामूल्य होते. भार हजाराच्या वर आढळला तर लगेच औषध बदलत नाहीत. रुग्णाशी समुपदेशक सविस्तर बोलतात, अडचण शोधतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. अनेकांचा भार एवढ्यानेच खाली येतो. म्हणजे तेथे रोध नव्हताच, केवळ खंड होता.

आणि मग डोल्युटेग्राव्हिर आले. अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळालेले हे औषध विषाणूच्या दुसऱ्याच विकरावर, म्हणजे त्याची प्रत आपल्या जनुकांत टाके घालून बसवणाऱ्या इंटिग्रेजवर काम करते. ते त्या विकराला इतके घट्ट धरून बसते, की एखाद्या अक्षराच्या बदलाने सहजी सुटत नाही. सुटण्यासाठी जे बदल करावे लागतात ते विषाणूलाच दुबळे करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्यास पहिल्या पसंतीचे स्थान दिले. त्याआधी दोन वर्षे, २०१७ च्या तिच्या अहवालात, पाहणी झालेल्या ११ देशांपैकी ६ देशांत उपचार नव्याने सुरू करणाऱ्या दहा टक्क्यांहून अधिक लोकांत नेव्हिरॅपिन-इफाव्हिरेन्झ गटाला आधीच रोध असल्याचे दिसले होते. आपल्याकडे २०२०-२१ च्या सुमारास टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन व डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्र गोळी सर्वत्र पोचली. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील ‘नाडिया’ या अभ्यासाने (२०२१) तर असे दाखवले, की सोबतच्या दोन औषधांना रोध असतानाही डोल्युटेग्राव्हिरयुक्त उपचाराने बहुसंख्य रुग्णांचा विषाणूभार आटोक्यात राहतो.

त्यामुळे आता रोधाची चिंता मिटली असे बोलले जाऊ लागले, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती वाटते. डोल्युटेग्राव्हिर एकटे देऊन पाहण्याचा नेदरलंड्समधील प्रयोग रोध दिसू लागल्याने थांबवावा लागला. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे एझेडटीच्या अनुभवाला जवळजवळ तीन दशके लोटल्यानंतर. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात, ज्यांचा विषाणूभार डोल्युटेग्राव्हिर घेऊनही आटोक्यात नव्हता अशा रुग्णांत त्याला रोध आढळण्याचे प्रमाण ३.९ ते ८.६ टक्के दिसले. विषाणूभार चढलेला असतानाच ज्यांना जुन्या औषधांवरून या औषधावर आणले गेले त्यांच्यात ते १९.६ टक्क्यांपर्यंत गेले. औषध घेणाऱ्या बहुसंख्यांत विषाणूभार दबलेलाच राहतो हेही त्याच अहवालात आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण हे शेवटचे स्वस्त औषध आहे. त्याच्या पलीकडे जी औषधे आहेत ती महाग आहेत आणि तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाहीत. २०२२ मध्ये अमेरिका व युरोपात बहुऔषधरोधी विषाणूसाठी मान्यता मिळालेले, सहा महिन्यांतून एकदा टोचण्याचे लेनाकापाव्हिर हे त्यांतलेच एक.

पुरवठ्याचा प्रश्नही आहेच. २०२२ च्या जुलैपासून दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयाबाहेर बाधित व्यक्तींनी औषधांच्या तुटवड्याविरुद्ध महिनाभराहून अधिक काळ धरणे धरले होते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदत एकाएकी रोखली तेव्हा आफ्रिकेतील अनेक केंद्रांची दारे बंद झाली. असे खंड रुग्णाच्या विस्मरणाने पडत नाहीत, आणि त्यांतून निपजणाऱ्या रोधाची जबाबदारीही त्याच्यावर टाकता येत नाही.

आता आपल्या, म्हणजे कुटुंबवैद्यांच्या वाट्याचे. सरकारी केंद्रातील डॉक्टर योग्य औषध देतात, रुग्ण ते नेमाने घेतो, आणि तरीही विषाणूभार चढतो असे काही वेळा दिसते. अशीच एक साठीच्या घरातील बाई माझ्याकडे आली होती. मी विचारले, “मावशी, गोळी चुकते का कधी?” त्यावर ती दुखावल्यासारखी झाली. “एक दिस चुकली न्हाई बघा, डॉक्टर. देवाची पूजा एकवेळ चुकंल.” पुढे हळूहळू कळले, की गोळीने पोटात जळजळते म्हणून ती गोळीपाठोपाठ दोन चमचे पांढरे औषध घेत असे. गावातील डॉक्टरांनी ते आम्लपित्तासाठी दिले होते. तिला दुसरी काही गोळी चालू आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त असे औषध डोल्युटेग्राव्हिरबरोबर घेतल्यास पोटातच दोघे एकमेकांना धरून बसतात व रक्तात पोचणारे डोल्युटेग्राव्हिर सुमारे तीन-चतुर्थांशाने घटते. वेळा बदलून दिल्यावर तिचा पुढचा अहवाल चांगला आला.

असे औषध द्यायचे तर डोल्युटेग्राव्हिर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांचेही तसेच, मात्र त्या जेवणाबरोबर एकत्र घेतल्या तर चालते. गरोदर स्त्रियांना आपण या दोन्ही गोळ्या डोळे झाकून लिहितो, म्हणून हे ध्यानात असावे. मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण डोल्युटेग्राव्हिरमुळे वाढते, तेव्हा दिवसाला एक ग्रॅमच्या वर जाऊ नये. फिट्सवरील कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन व फेनोबार्बिटोन डोल्युटेग्राव्हिरला लवकर निकामी करतात. शक्यतो दुसरे औषध निवडावे. सर्वांत महत्त्वाचे रिफॅम्पिसिन. टीबीचा उपचार आपल्या दवाखान्यात सुरू झाला आणि रुग्णाने दुसरा आजार सांगितला नाही, तर एकच डोल्युटेग्राव्हिर पुरे पडत नाही. ५० मिलिग्रॅमची दुसरी मात्रा बारा तासांच्या अंतराने द्यावी लागते, आणि रिफॅम्पिसिन संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवावी लागते. दुसऱ्या फळीतील ॲटाझानाव्हिर वा लोपिनाव्हिर घेणाऱ्याला तर रिफॅम्पिसिन देऊच नये. तेथे रिफाब्युटिन आहे.

पण रुग्ण सांगतच नाही त्याचे काय? आपल्या भागात हा प्रश्न सीमेमुळे अधिक बिकट होतो. चिकोडी-निपाणीकडील माणूस ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून मिरजेला किंवा कोल्हापूरला जाऊन औषध आणतो, आणि तिकडचा इकडे येतो. एका राज्याच्या केंद्रातील नोंद दुसऱ्या राज्यातील दवाखान्यापर्यंत पोचत नाही. २०१७ च्या एच.आय.व्ही.-एड्स कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे, रुग्णाला ही माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे व आपल्यावर गोपनीयतेचे बंधन घातले आहे. ते योग्यच आहे. त्यामुळे ‘तुम्हाला तो आजार आहे का’ असे विचारण्यात अर्थ नाही. ‘रोजची कोणती गोळी चालू आहे का? नाव सांगू नका, वेळ तेवढी सांगा’ असे, कंपाउंडर बाहेर गेल्यावर, नातेवाइकांना बाहेर बसवून विचारले तर उत्तर येते असा माझा अनुभव आहे. आणि ज्याने विश्वासाने उत्तर दिले त्याला पुढच्या खेपेस केंद्राचे हिरवे पुस्तक आणायला सांगावे. शेवटच्या विषाणूभाराची तारीख त्यात लिहिलेली असते. ती एक वर्षाहून जुनी असेल, तर केंद्रातील डॉक्टरांच्या नावे दोन ओळींची चिठ्ठी बंद पाकिटात घालून त्याच्याच हाती द्यावी.